‘अनाथ’ ही संज्ञा आणि आपद्ग्रस्त बालके

नैसर्गिक आपत्तीनंतर बालकांना अन्न, वस्त्र व निवारा तातडीने मिळाला पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु मदतकार्याच्या नोंदवहीत बालकाच्या नावापुढे कोणता शब्द लिहिला जातो, यावरही त्याचे भवितव्य अवलंबून असते. प्रस्तुत टिपणात त्या शब्दाचाच विचार करावयाचा आहे.

‘अनाथ’ म्हणजे ज्याला नाथ, अर्थात रक्षणकर्ता, नाही तो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा शब्द मृत्यूविषयी काहीच सांगत नाही. रूढीने मात्र मातापित्यांचा मृत्यू त्यात गृहीत धरला जातो. ‘पोरका’ या शब्दाची छटा निराळी आहे. वडील हयात असूनही आईवाचून वाढणाऱ्या मुलाला आपण पोरके म्हणतो. युनिसेफच्या आकडेवारीत तर एक पालक गमावलेले मूलही अनाथांतच मोजले जाते.

हा अर्थसंकर आपत्तीच्या प्रसंगी घातक ठरतो. म्हणून युनिसेफ, रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आदी संस्थांनी 2004 साली संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार, ज्याचे दोन्ही पालक मृत असल्याचे ज्ञात आहे तेच मूल अनाथ होय. पालकांपासून दुरावलेले, परंतु अन्य आप्तांजवळ असू शकणारे मूल ‘विलग’ म्हणता येईल. आणि आप्तांनाही अंतरलेले, कोणाही जबाबदार प्रौढाच्या देखरेखीत नसलेले मूल ‘एकाकी’.

या भेदाचे महत्त्व हैतीत दिसून आले. 12 जानेवारी 2010 रोजी तेथे भीषण भूकंप झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस 33 मुलांना अनाथ म्हणून डोमिनिकन प्रजासत्ताकात नेऊ पाहणारा एक अमेरिकन गट सीमेवर अडविण्यात आला. चौकशीअंती त्या प्रत्येक मुलाचा किमान एक पालक जिवंत असल्याचे आढळले. शिक्षणाच्या आशेने अनेक पालकांनी मुले स्वतःच स्वाधीन केली होती. त्या मुलांना वंचित केले होते ते दारिद्र्याने. ‘अनाथ’ या एका शब्दाने त्यांचे आईबाप मात्र नाहीसे केले.

तात्पर्य, ‘अनाथ’ ही पहिली नोंद नव्हे. शोध संपल्यानंतरचा तो निष्कर्ष होय. तोवर नोंदवहीत मुलाचे घरगुती नाव, त्याच्या उच्चारातील गावाचे नाव, भावंडांना तो मारीत असलेली हाक, हे सारे जसेच्या तसे उतरले पाहिजे. लहान मुलाजवळ घराचा पत्ता एवढाच असतो.