नाकाबंदीची खबर सगळे देतात, प्यायलेल्याची कोणीच नाही

(ज्यांना भाग ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखाण. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मागून येणारी कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.)

आज सुरुवात एका व्हॉट्सॲप मेसेजपासून करतो. दरवर्षी 31 डिसेंबरला रात्री नऊ-साडेनऊला आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो येतोच. "आकाशवाणी चौकात मामा उभे आहेत, इच्छादेवीकडून या." मग कोणी तरी अजिंठा चौफुलीची खबर देतो, कोणी धुळ्याहून देवपूरची. अर्ध्या तासात पूर्ण नकाशा तयार. मी स्वतः कामासाठी लाइव्ह डेटाच्या सिस्टिम बनवतो, पण इतकी चोख सिस्टिम आमच्या ऑफिसातही नाही.

म्हणजे आपण खबर देत नाही, असं नाहीच. खबर देतो, पण पोलिसांची, प्यायलेल्यांना. प्यायलेल्याची खबर पोलिसांना द्यायची म्हटलं की आपण एकदम सभ्य होतो. "आपल्याला काय करायचंय", "कशाला कोणाच्या भानगडीत", आणि आपला खान्देशचा मंत्र, "काही नई व्हत भो."

या मंत्राबद्दल आधी माझंच सांगतो. कॉलेजात असताना हिवाळ्यात आसोद्याकडे एका मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. काट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, आणि अर्थातच बाटल्या. रात्री बाराला निघालो. गाडी चालवणाऱ्याने कमीत कमी एक क्वार्टर घेतलेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी त्याच्या मागे बसलो. थंडी होती, झोप आली होती आणि "तू नको चालवू" म्हणणं लाजिरवाणं वाटलं. काही झालं नाही. घरी पोचलो, झोपलो.

आणि हाच प्रॉब्लेम आहे. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो, शंभर वेळा प्रोग्रॅम चालला म्हणजे त्यात बग नाही असं नसतं. पण दारूच्या बाबतीत प्रत्येक सुखरूप परतलेली रात्र आपण पुरावा म्हणून जमा करतो. काका तीस वर्षं पिऊन चालवतात, त्यांना काही झालं नाही. ज्यांना झालं ते सांगायला पार्टीत येत नाहीत.

आता थोडं गणित, कारण हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये मर्यादा आहे 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलीग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असतं. नाइंटी, म्हणजे 90 मिली घेतली तर पोटात साधारण 30 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. 70 किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते 60 ते 65 मिलीग्रॅमपर्यंत पोचतं. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. क्वार्टर घेतली तर 125 च्या पुढे. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची मोठी बाटली, 650 मिलीची, साधारण 85. "बिअर तर आहे" म्हणणाऱ्यांनी हा आकडा परत वाचावा. वजन कमी असेल तर आकडा अजून वर जातो, बाईच्या बाबतीतही. पोट भरलेलं असेल तर खाली.

आणि उतरते कशी? यकृत तासाला साधारण 15 मिलीग्रॅम या वेगाने ती जाळतं. लिंबू, लवंग, कांदा, गार पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री बाराला 125 च्या पुढे असलेला माणूस सकाळी सहाला दुधाचे कॅन घेऊन निघाला, तर तेव्हाही तो मर्यादेच्या वरच असतो. तोंडाचा वास मात्र गेलेला असू शकतो. वास आणि रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलिसांचं मशीन वास मोजत नाही. बऱ्याच मशीनमध्ये छोटा फ्युएल सेल असतो. श्वासातलं अल्कोहोल त्यावर पोचलं की रासायनिक क्रिया होऊन वीज तयार होते, जितकं अल्कोहोल तितका करंट. श्वासातल्या आकड्याला साधारण 2100 ने गुणून रक्तातला अंदाज काढतात. म्हणून वेलची चघळून काही फायदा नाही.

याच गणितातून पुढचा मुद्दा निघतो, आणि आजच्या भागात मला खरं तर हाच सांगायचा होता. हा पुरावा दर तासाला 15 ने कमी होतो. नाइंटी मारलेल्या माणसाने रात्री दहाला कोणाला उडवलं आणि तो साडेबाराला सापडला, तर कागदावर तो शुद्धीत होता! चोरीचा माल दुसऱ्या दिवशी सापडतो, सीसीटीव्ही महिनाभराने बघता येतो, पण दारू रक्तातून निघून गेली की गेली. कायद्यालाही हे माहीत आहे. कलम 202 नुसार पोलीस 185 च्या गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करू शकतात, पण गुन्हा त्यांच्या समोर घडायला हवा, आणि अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. नाही झाली तर सोडावं लागतं. म्हणून "उद्या त्याला समजावून सांगू" किंवा "सकाळी तक्रार करू" याला काही अर्थ उरत नाही. कळवायचं असेल तर गाडी चालू असतानाच.

सरकारी आकडे बघा. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यात दारू आणि नशेच्या रकान्यात साधारण अडीच टक्के, अतिवेगाच्या रकान्यात 70 टक्क्यांहून जास्त. दारूचा आकडा मला खोटा नाही, अपुरा वाटतो. ड्रायव्हर पळाला, तपासणी उशिरा झाली किंवा तो स्वतःच मेला, की कारण म्हणून वेग लिहिला जातो. अतिवेग दिसतो, दारू मोजावी लागते.

जळगावकरांना रामदेववाडी सांगायला नको. 7 मे 2024. जळगाव-पाचोरा रस्त्यावर भरधाव कारने स्कूटरला उडवलं. एक आशा सेविका, तिची दोन मुलं आणि भाचा, चौघं गेले. कारमध्ये गांजा सापडल्याच्या बातम्या आल्या. अटक व्हायला दोन आठवड्यांहून जास्त लागले, आणि तेही मधल्या काळात पुण्यात कल्याणीनगरचं पोर्शे प्रकरण झाल्यावर, देशभर आरडाओरडा सुरू झाल्यावर. त्या गाडीत कोण काय घेऊन बसलं होतं ते कोर्टाने ठरवायचं, मी नाही. मला त्यातलं कॅलेंडर दिसतं. वर जे तासांचं गणित सांगितलं, त्याच्या शेजारी दोन आठवडे ठेवून बघा. अपघातानंतर संतापलेलं गाव रस्त्यावर येतं, मोर्चे निघतात, आपण सगळे स्टेटस ठेवतो. पण रस्त्यावर वाकडीतिकडी चालणारी गाडी बघून अपघाताच्या आधी फोन करणारा माणूस मला आजवर फार क्वचित भेटला.

पुढारी वेगळे आहेत असंही नाही. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद करायला सांगितली. तर राज्यात ठिकठिकाणी दुकान हलवण्याऐवजी रस्त्याचा दर्जाच बदलायची धडपड सुरू झाली. 2017 मध्ये जळगाव शहरातले काही रस्ते महापालिकेकडे वर्ग करण्यावरून केवढा वाद झाला होता, मोठ्यांना विचारा. दारूवाला तिथेच, महामार्ग मात्र कागदावरून गायब. मला हे वाचून हसू आलं होतं, नंतर नाही आलं.

आता मी फोन केला त्याची गोष्ट. दीड-दोन वर्षांपूर्वी धुळ्याहून जळगावला येत होतो. शेवटची एसटी चुकली, काळी-पिवळीत बसलो. ड्रायव्हरच्या तोंडाला वास होता आणि गाडी सारखी पांढऱ्या पट्ट्यावर जात होती. दहा-बारा माणसं आत. सगळ्यांना कळलं होतं, कारण सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. पारोळ्याला सीट भरायला गाडी थांबली. मी खाली उतरलो, नंबर प्लेट बघितली (आत बसून तुम्हाला स्वतःच्या गाडीचा नंबर माहीत नसतो, हे तेव्हा लक्षात आलं) आणि पानटपरीच्या मागे जाऊन 112 लावला. ताईंनी विचारलं, कुठे आहात, गाडी कोणती, कोणत्या दिशेने जाणार. दीड मिनिटात फोन संपला. आणि मग मी परत त्याच गाडीत जाऊन बसलो. बॅग आत होती, दुसरी गाडी नव्हती. शहाणपणा म्हणू नका.

एरंडोलच्या अलीकडे गाडी अडवली. मशीनमध्ये फुंकायला लावलं, ड्रायव्हरला बाजूला घेतलं. आकडा किती आला ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला, अंधारात, तासभर. लोकांना कळलं फोन कोणी केला ते. एक बाबा म्हणाले, "गरिबाच्या पोटावर पाय दिला." एक ताई म्हणाली, "त्याच्या घरी लेकरं असतील ना, भाऊ." तिच्या खांद्यावर तिचं स्वतःचं लेकरू झोपलेलं होतं. मला उत्तर सुचलं नाही. आजही नीट सुचत नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर 15,000 किंवा दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. रोजच्या फेऱ्यांवर जगणाऱ्याला हे जड आहे. आणि हॉटेलातून मोठ्या गाडीत निघणाऱ्याबद्दल फोन करायची हिंमत मी दाखवली असती का, हेही मला माहीत नाही.

तुम्ही कराल तेव्हा काय लागतं ते सांगतो. गाडीचा नंबर, रंग, दिशा, आणि जवळची ओळखीची खूण. "हायवेवर" सांगून उपयोग नाही, धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत सगळा हायवेच आहे. 112 इंडिया ॲप असेल तर त्यातून लोकेशन जातं. राष्ट्रीय महामार्गावर 1033 पण चालतो. स्वतः पाठलाग करू नका, गाडी आडवी घालू नका, व्हिडिओ काढत चालवू नका. "साक्षीला कोर्टात फिरावं लागेल" ही भीती सगळ्यांना असते. पण ही केस उभी राहते ती पोलिसांनी केलेल्या तपासणीवर, तुमच्या फोनवर नाही. अपघात झालेल्याला मदत करणाऱ्यासाठी तर कलम 134-अ मध्ये वेगळं संरक्षण आहे, 2020 पासून त्याचे नियमही आहेत. नाव सांगायची सक्ती नाही.

आणि एक कलम, जे वाचून मला आसोद्याची रात्र आठवली. कलम 188. या गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत करणाऱ्याला तीच शिक्षा जी चालवणाऱ्याला. प्यायलेल्याच्या हातात जाणूनबुजून किल्ली देणारा मित्र यात येऊ शकतो. ग्रुपवर "इच्छादेवीकडून या" लिहिणारा येतो का? मी वकील नाही, पण तो मेसेज मी आता टाकत नाही.

परवाच भरीत पार्टीचं ठरत होतं. एकाने ग्रुपवर लिहिलं, "याला बोलवा, पण याचा मोबाईल आधी काढून घ्या, हा 112 लावेल." सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. मी लिहिलं, "हो, लावीन." पाच-सात मिनिटं कोणीच काही टाकलं नाही. मग ज्याचा मळा आहे त्याने लिहिलं, "गाद्या किती लागतील ते सांगा, ब्लँकेट ज्याचं त्याने आणा."