धुवणाची तपासणी

सकाळी साडेसात. भोकरदनकडून आलेली, दाणे काढून घेतलेली मक्याची कणसं दळून चाळायला घेते. शेतात ही पऱ्हाट्यांसोबत चुलीत जातात. आम्हाला त्यांच्यावर इन्व्हर्टेज बसवायचं आहे. हे एन्झाइम साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. असा पाक सहजी कडक होत नाही, म्हणून मिठाईवाल्यांना तो हवा असतो. एन्झाइम मात्र महाग. पाकात मोकळं सोडलं की गेलंच.

नऊ. काल धुऊन वाळवलेला कणसांचा भुसा सोडियम पिरियॉडेटच्या द्रावणात टाकते. उजेड लागू नये म्हणून बाटलीला फॉइल. पिरियॉडेट सेल्युलोजमधली ग्लुकोजची कडी उघडतं, तिथे अल्डिहाइड गट तयार होतात आणि एन्झाइममधल्या लायसिनचे अमिनो गट त्यांना धरतात. 1916 साली न्यूयॉर्कमध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांनी हेच इन्व्हर्टेज कोळशावर नुसतं चिकटवलं होतं, आणि तिथेही ते काम करत राहिलं. पण नुसतं चिकटलेलं सुटतंही. आमचा बंधसुद्धा आम्लात सैल होऊ शकतो, आणि इन्व्हर्टेज तर साडेचारच्या आसपासच्या पीएचलाच नीट चालतं!

अकरा. आधी एन्झाइम बसवून तयार ठेवलेला बारीक आणि जाडसर भुसा साखरेच्या पाण्यात, 50 अंशांवर.

एक. डबा. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचा (आयसीटी) परिसर 2018 पासून जालन्यात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. मका इथला, साखर कारखाना अंबड तालुक्यात. हे संशोधनही इथेच व्हायला हवं.

अडीच. नमुन्यात फुटलेली साखर दाखवणारं डीएनएसए घालून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात. पिवळा रंग विटकरी होतो, 540 नॅनोमीटरवर आकडा येतो. आज तो चांगला आहे. पहिल्या वापरात तो चांगलाच येतो, त्यावर मी विसंबत नाही.

चार. खरी तपासणी आता. भुसा धुऊन, गाळून बाजूला काढते आणि उरलेल्या धुवणात ताजी साखर घालते. भुशाविना ती फुटली, तर एन्झाइम सुटून पाण्यात उतरलंय. बारीक भुशाच्या धुवणात रंग किंचित चढला, जाडसर भुशाच्या जवळजवळ नाही.

सहा. बारीक कणांवर एन्झाइम जास्त बसतं, पण नळीत भरले की ते पाक अडवतात. उद्या नळीत जाडसर भुसाच भरायचा, आणि तोच धुऊन पुन्हा पुन्हा वापरून पाहायचा.