दीनबंधूचे संपादक

आलापल्लीसारखे रानातील गाव असो वा मुंबईसारखे महानगर असो, रविवार उजाडला की शाळेला सुटी असते. गिरण्या-कारखान्यांतील कामगारांनाही आठवड्यातून एक दिवस विसावा मिळतो. परंतु हा विसावा आपोआप मिळालेला नाही. त्यासाठी ज्यांनी आपली लेखणी झिजविली, ते संपादक म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे होत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. पुढे मुंबईतील एका कापडगिरणीत ते नोकरीस लागले. तेथील हाल त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्या काळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. म्हणून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. स्त्रिया व लहान मुलेही राबत. आठवड्याची ठरावीक सुटी नसे, पगार वेळेवर होत नसे आणि यंत्रात हात सापडून कोणी जायबंदी झाला, तर त्याला विचारणारे कोणी नव्हते.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे विचार लोखंडे यांना पटले होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र पैशाअभावी अडचणीत आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणून त्याचे संपादकपद स्वीकारले. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांची गाऱ्हाणी आता छापून येऊ लागली.

परंतु केवळ लिहून ते थांबले नाहीत. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार व जखमी कामगारांस मदत, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मालक बधले नाहीत. लोखंडेही हटले नाहीत. एप्रिल १८९० मधील सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. तेथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर त्याच वर्षी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीस आधार मिळाला.

१८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. रुग्णांची सेवा करीत असता लोखंडे यांनाही त्या रोगाने गाठले व ९ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले.

वृत्तपत्राचे बळ त्याच्या कागदात वा शाईत नसते. ज्यांचे कोणी ऐकत नाही, त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन ते निर्भयपणे जगापुढे मांडण्यातच ते असते. 'दीनबंधु' हे नाव लोखंडे यांनी अशा रीतीने सार्थ केले.