वाहनकर्ज फिटल्यानंतरची चुकीची मागणी

मोटार, ट्रॅक्टर किंवा मालवाहू टेम्पो यांसाठी घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरला की व्यवहार संपला, असा कर्जदाराचा समज असतो. काही महिन्यांनी मात्र बाकी व्याज, दंड किंवा धनादेश न वटल्याचे शुल्क यांची मागणी येते. रक्कम पुष्कळदा लहान असते. परंतु तेवढ्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र अडून राहते, नोंदणी प्रमाणपत्रावरील बोजा उतरत नाही आणि वाहन विकता येत नाही. थकबाकीची नोंद पतअहवालात गेल्यास पुढील कर्जालाही बाध येतो. म्हणून अशी मागणी मुकाट्याने भरणे जसे योग्य नाही, तसे तिच्याकडे दुर्लक्ष करणेही हितावह नाही. तिचा हिशेब लेखी मागून तपासणे हाच मार्ग होय.

चूक कोठे होते?

कर्ज मुदतीपूर्वी फेडताना संस्था विशिष्ट तारखेपर्यंतचा आकडा देते. रक्कम त्या तारखेनंतर जमा झाल्यास मधल्या दिवसांचे व्याज निघते व ती बाकी रास्त असते. याउलट, महिन्याच्या मध्यास कर्ज फेडूनही पूर्ण महिन्याचे व्याज लावणे गैर आहे. समजा, ३ लाख रुपये मुद्दल ९ टक्के दराने बाकी आहे. एका दिवसाचे व्याज सुमारे ७४ रुपये होते. १० तारखेस कर्ज फेडूनही ३० दिवसांचे व्याज लावले, तर कर्जदाराकडून सुमारे १,४८० रुपये जादा घेतले जातात. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात या प्रथेवर बोट ठेवून संस्थांना आपली पद्धत सुधारण्यास सांगितले.

कर्ज फिटल्यावरही बचत खात्यातून हप्ता वळता करण्याचा आदेश चालू राहणे, ही दुसरी नेहमीची चूक. खात्यात पैसे नसल्यास हप्ता परत जातो व त्यावर शुल्क चढते.

तक्रार कशी करावी?

प्रथम कर्जखात्याचा तारीखवार उतारा लेखी मागावा. तो करारपत्र, पावत्या व बचत खात्याचे पासबुक यांच्याशी ताडून पाहावा. चूक आढळल्यास खाते क्रमांक, परतफेडीची तारीख, वादग्रस्त रक्कम व तिचे कारण नमूद करून अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. दूरध्वनीवरील आश्वासनावर विसंबू नये.

३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. कर्ज सहकारी पतसंस्थेचे असेल, तर दाद सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे मागावी लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

बोजा व पतनोंद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार नोंदणी प्रमाणपत्रावर कर्जाची नोंद होते. ती काढण्यासाठी वाहनमालक व कर्ज देणारी संस्था या दोघांच्या सहीचा नमुना ३५ परिवहन कार्यालयात द्यावा लागतो. नुसती शेवटची पावती पुरत नाही. वैयक्तिक कर्जाच्या बाबतीत मूळ कागदपत्रे परत करणे व नोंदविलेला बोजा काढणे यांसाठी संस्थेला पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांची मुदत आहे. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार संस्थेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई देय होते.

पतअहवालाची एक प्रत वर्षातून एकदा मोफत मिळते. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत न मिटल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे.

गावपातळीवरील साहाय्य

हे हक्क कागदावर असले, तरी अर्ज लिहिता न आल्याने अनेक कर्जदार चुकीची रक्कमही भरून मोकळे होतात. शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा अर्जाचा एक सोपा नमुना ग्रामपंचायतीत उपलब्ध ठेवल्यास ही अडचण दूर होईल. बोजा उतरलेले नोंदणी प्रमाणपत्र हाती येईपर्यंत एकही पावती टाकून देऊ नये, हेही प्रत्येक कर्जदारास आवर्जून सांगितले पाहिजे.