लेबलवर नाव ब्रशच्या अक्षरात, माहिती साध्या अक्षरात

ताईंनो, पुडी हातात घेण्याआधी गिऱ्हाईक काय बघतं? नाव. ठेचा, पापड, जवसाची चटणी आपण मन लावून करतो आणि लेबलचं काम मात्र डीटीपीवाल्या दादांवर सोडून मोकळ्या होतो. म्हणून यावेळी अक्षरांविषयी बोलू.

गावात पेंटर भिंतीवर ब्रशने दुकानाचं नाव लिहितो ते आठवा. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, शेवटी जराशी ओढलेली. ते अक्षर घरचं वाटतं. कमल शेडगे यांनी कितीतरी मराठी नाटकांची नावं अशीच हाताने रेखाटली. आता हे वळण कॉम्प्युटरवरही मिळतं. एकाच वळणाच्या अक्षरांच्या संचाला फॉन्ट म्हणतात. 'यात्रा वन' हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचला आहे. 'कलम' हा हाताने लिहिल्यासारखा दिसतो. दोन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत आणि विक्रीच्या मालावर वापरता येतात. सगळेच फॉन्ट तसे नसतात. काही फक्त घरगुती वापरासाठी असतात, म्हणून डीटीपीवाल्यांना आधी विचारा.

पण असं अक्षर फक्त मोठ्या नावासाठी. त्याच्या रेघा जाड असतात. लहान केलं की मधली जागा भरते. मग 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' सारखेच दिसतात. 'ध'चा 'मा' व्हायला वेळ लागत नाही! ज्याला शेंगदाणा सोसत नाही, त्याला घटक नीट वाचता आलेच पाहिजेत.

म्हणून ही माहिती साध्या, सरळ अक्षरात द्या:
- घटक पदार्थ
- निव्वळ वजन आणि किंमत
- पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच नंबर
- एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर
- गटाचं नाव, पत्ता, फोन

शाकाहारी पदार्थाची हिरवी खूणही विसरू नका.

छापायला देण्याआधी तीन गोष्टी करा.

१. आपण मोबाईलवर टाइप करतो ते युनिकोड असतं. काही दुकानांत जुने फॉन्ट असतात. त्यात आपला मजकूर उतरत नाही, परत टाइप करावा लागतो आणि तिथेच चुका घुसतात. 'यात्रा वन' आणि 'कलम' युनिकोडचे आहेत, तेच मागा.

२. जोडाक्षरं तपासा. 'कैऱ्या', 'भाकऱ्या' यांतला 'ऱ्य' बऱ्याच फॉन्टमध्ये तुटतो.

३. एकच प्रत खऱ्या मापात छापून घ्या. पुडीला लावा, पाच पावलांवर ठेवा आणि ज्या ताईंनी ते आधी पाहिलं नाही त्यांना नाव वाचायला सांगा. मग पुडी त्यांच्या हातात देऊन तारीख वाचायला सांगा. त्या अडखळल्या तर अक्षर बदला. एका प्रतीला थोडेच पैसे लागतात. हजार लेबलं चुकली तर गटाचा नफाच जातो.

पुढच्या मासिक बैठकीला आपापलं लेबल घेऊन या. एकमेकींचं वाचून बघू.