फिरत्या अंकांची संख्या

वऱ्हाड ही कापसाची भूमी. अकोल्याच्या एका शेतकऱ्याचा एक क्विंटल, म्हणजे शंभर किलो, कापूस सात भावांना सारखा वाटून द्यावयाचा आहे, अशी कल्पना करा. प्रत्येकाच्या वाट्यास १४ किलो येतील व २ किलो उरतील. ते २ किलो वाटले, तर प्रत्येकी २८५ ग्रॅम मिळून ५ ग्रॅम उरतील. वाटणी कितीही पुढे नेली, तरी ती पुरी होत नाही. मात्र १, ४, २, ८, ५, ७ हे सहा अंक त्याच क्रमाने पुनःपुन्हा येत राहतात.

आता १४२८५७ या संख्येस २ ने गुणा. उत्तर येते २८५७१४. ३ ने गुणल्यास ४२८५७१ आणि ४, ५, ६ यांनी गुणल्यास अनुक्रमे ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. अंक तेच, क्रमही तोच; आरंभ तेवढा निराळा! जणू रहाटगाडग्याच्या माळेतील गाडगी. ७ ने गुणताच मात्र ९९९९९९ ही संख्या येते.

हा काही चमत्कार नव्हे. १ ला ७ ने भागू लागले, की ३, २, ६, ४, ५, १ अशा बाक्या उरतात. बाकी सातांहून लहानच असावयाची. म्हणून सहा पायऱ्यांनंतर १ ही बाकी परत येते आणि चक्र पुन्हा सुरू होते. १ ऐवजी ३ ला भागावयास घेतले, तर आपण त्याच चक्रात ३ या बाकीपासून प्रवेश करतो. म्हणून अंक फिरलेले दिसतात.

अशी कारणे शोधण्यात एका शाळाशिक्षकाने आपले आयुष्य वेचले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळील देवळाली येथे शिक्षक होते. अनेक विद्वानांनी त्यांचे काम क्षुल्लक मानले. पण त्यांनी आपला छंद सोडला नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती जगभर पसरली.

आपली संख्या त्यांच्या दोन शोधांत बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली, की पुन्हा १४२८५७ मिळते. अशा संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. तसेच तिच्या अंकांची बेरीज २७ असून २७ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे नाव दिले.

मुलांनो, या शोधांस लागली ती पाटी-पेन्सिल आणि चिकाटी. आता तुम्ही १ ला १३ ने भागून पाहा. येथे बाक्या बारा असू शकतात. पण चक्र सहा अंकांतच पुरे होते. मग उरलेल्या सहा बाक्या कोठे गेल्या?