पडद्यावरचा खेळ आणि मुलाचा तोल

डाऊन सिंड्रोम असलेले मूल उशिरा मान धरते, उशिरा बसते आणि बहुधा दोन वर्षांच्या आसपास चालू लागते. कुणी म्हणते, "चालेल आपोआप." कुणी म्हणते, "मागच्या जन्माचे भोग." दोन्ही ऐकू नका. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांमध्ये बहुधा २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते. हे १९५९ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. यात आईचा दोष नाही, बापाचा नाही, कुणाच्या पापाचाही नाही.

या जादा गुणसूत्रामुळे स्नायू ढिले आणि सांधे सैल असतात. म्हणून तोल लवकर जातो, पाय फाकवून चालावे लागते, जिना अवघड वाटतो. यावर औषध नाही, पण व्यायामाने फरक पडतो. अडचण अशी की एकच हालचाल शेकडो वेळा करावी लागते आणि लहान मूल दहाव्या वेळेलाच कंटाळते.

इथे व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे संगणकाने उभे केलेले आभासी जग, उपयोगी पडते. यासाठी डोळ्यांवर महागडा चष्मा चढवावाच लागतो असे नाही. २००६ मध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'वी' हा टीव्हीवरचा खेळ आला. मूल हातातला रिमोट हलवते तसा पडद्यावरचा खेळाडू बॅट फिरवतो. पुढच्या वर्षी वजनकाट्यासारखी एक पाटी आली. मूल तिच्यावर उभे राहून ज्या बाजूला झुकते, त्या बाजूला पडद्यावरचे चित्र झुकते. आपला भार कुठे गेला हे मुलाला लगेच दिसते. ही मुले ऐकण्यापेक्षा पाहून चांगले शिकतात, म्हणून ही पद्धत त्यांना मानवते.

२०११ मध्ये तैवानमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डाऊन सिंड्रोम असलेली १५५ मुले होती. एका गटाला नेहमीची ऑक्युपेशनल थेरपी दिली, दुसऱ्याला 'वी'चे खेळ, तिसऱ्याला यातले काहीच नाही. हालचालीचे कौशल्य आणि डोळा-हाताचा मेळ यांत खेळणारी मुले सर्वांत जास्त सुधारली. पण नेहमीची थेरपी घेणारी मुलेही तिसऱ्या गटाच्या पुढे गेली. आपल्यासाठी महत्त्वाचे हेच. मागे राहिली ती काहीच न मिळालेली मुले. तेव्हा यंत्रासाठी कर्ज काढू नका, आणि यंत्र नाही म्हणून थांबूही नका.

आधी तपासणी

यातल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. म्हणून उड्या, कोलांटी किंवा कोणताही जोराचा खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मान दुखणे, मान वाकडी धरणे, चाल अचानक बिघडणे, हातपाय लुळे पडणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर खेळ बंद करून लगेच रुग्णालय गाठा. फिट येत असेल तर लुकलुकत्या पडद्याबद्दल आधी विचारा. डोळ्यांवर लावायच्या चष्म्यासाठी कंपन्यांनीच वयाची अट घातलेली असते, ती पाळा. आणि लक्षात ठेवा, बसून मोबाईल पाहणे म्हणजे थेरपी नव्हे. शरीर हलले पाहिजे.

घरात काय करता येईल?

थेरपिस्टकडून मुलाला झेपणारे व्यायाम शिकून घ्या आणि त्यांचा खेळ करा. विहाराच्या अंगणात खडूने रेघ ओढा, तिच्यावरून चालू द्या. फुगा एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने मारू द्या. आरशासमोर उभे करून आजीची नक्कल करायला सांगा. हात धरून पायरी चढवा-उतरवा. रोज थोडा थोडा वेळ द्या, जमले की लगेच टाळी वाजवा. भावंडांनाही सोबत घ्या.

आपला हक्क

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राबद्दल आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारा. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. बौद्धिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळू शकतो.

मूल पाच वर्षांचे होण्याची वाट पाहू नका. बाळ मान धरायला शिकते, तेव्हापासूनच थेरपीची वेळ सुरू होते. मूल मोठे झाले असेल तर या आठवड्यात जा. स्वतःच्या पायाने जिना उतरून शाळेत जाणे हा त्याचाही हक्क आहे.